पूर्व कडेचा नियम

११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनच करणार होते. पण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि तुझ्या कानातलं यंत्र मध्येच शिट्टी मारतं. म्हणून पत्र. अक्षर सोसून घे, तुला कॉन्व्हेंट शाळेत मिळाल्या तशा छडी घेऊन बसणाऱ्या सिस्टर मला मिळाल्या नाहीत.

एक सहज विचारायचं होतं. अठ्ठावीस जानेवारीला मी ध्रुवावरून जाणाऱ्या फेरीवर होते. चौदा तासांचा प्रवास, त्यातले चार-पाच तास अगदी पृथ्वीच्या टाळूवरून. आम्ही जेवणाचे ट्रे गोळा करत होतो आणि विमान एकदम खाली उतरायला लागलं. कॅप्टनने प्रवाशांना सांगितलं, पुढे हवा खराब आहे. खिडकीबाहेर बघितलं तर हवा धुतल्यासारखी स्वच्छ. मी कॉफी घेऊन पुढे कॉकपिटमध्ये गेले, तर दोघंही रेडिओशी झगडत होते आणि रेडिओतून नुसती खरखर. को-पायलट म्हणाला, "ताई, सूर्याने आपला टेलिफोन कापलाय." नंतर उतरेपर्यंत आणि उतरल्यावरही कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

तू चौतीस वर्षं सूर्याच्या हवामानाच्या ऑफिसात काढलीस. मला सांग, सूर्यातून उडालेले कण बरोबर ध्रुवावरच कसे येऊन पोचतात? आणि आम्हाला त्यातलं किती लागलं असेल, ते काढता येतं का?

आईला यातलं काही बोलू नकोस.

तुझी ढमी


१७ फेब्रुवारी

प्रिय ढमे,

'सहज' हा शब्द तू लहानपणी फुलदाणी फोडल्यावर वापरायचीस. ते असो. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, मग तुझी उलटतपासणी.

बागेत पाणी मारायचं गोल फिरणारं कारंजं डोळ्यांसमोर आण. पाण्याचा प्रत्येक थेंब सरळच उडतो, पण कारंजं फिरत असल्यामुळे धार वाकडी दिसते. सूर्य असाच स्वतःभोवती फिरत असतो आणि त्याच्यातून सतत वारा सुटत असतो. त्या वाऱ्याबरोबर सूर्याच्या चुंबकाच्या रेषा बाहेर ओढल्या जातात आणि कारंज्याच्या धारेसारख्या वळतात. सूर्यावर स्फोट झाला की प्रोटॉन सुटतात. ते बिचारे वाट सोडून कुठे जाऊ शकत नाहीत, रेषेला धरूनच पळतात, रुळावरच्या ट्रामसारखे. आता आपल्या पृथ्वीपर्यंत येणारी जी रेषा आहे, ती निघते सूर्याच्या पश्चिम भागातून. स्फोट तिथे झाला तर पंधरा-वीस मिनिटांत पाहुणे दारात.

पृथ्वीलाही तिचा चुंबक आहे. विषुववृत्तावर त्याच्या रेषा आडव्या असतात, कुंपणासारख्या. कण येऊन धडकतो आणि परत फिरतो. ध्रुवाजवळ त्याच रेषा उभ्या होतात आणि वरच्या बाजूला अवकाशात उघड्या राहतात. म्हणजे इमारतीच्या एकूण एक दारावर पहारेकरी उभे केले आणि गच्चीचं दार सताड उघडं टाकलं. कण त्या उभ्या रेषांवरून घसरत खाली येतात. जे दुबळे असतात ते वरच्या हवेत थांबून रेडिओचा गळा दाबतात, म्हणून तुमची ती खरखर. जे दांडगे असतात ते हवेला धडकत विमानाच्या उंचीपर्यंत आणि कधीकधी जमिनीपर्यंत येतात.

माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. स्फोट पश्चिमेला दिसला तर ताबडतोब उठून उभं राहायचं. पूर्वेला दिसला तर बसून राहायचं, कारण तिथल्या रेषा आपल्याकडे येतच नाहीत. आले तरी कण दमूनभागून, दुसऱ्या दिवशी.

निवृत्त झाल्यापासून मी सूर्याचं तोंड पाहिलेलं नाही, पासवर्डसुद्धा परत करून आले. तरी सांगते, तुमचा अठ्ठावीस तारखेचा स्फोट पश्चिमेचाच असणार आणि माझ्या खुर्चीत आता जो कोणी बसतो तो जांभया देत बसला असणार. वेळेवर इशारा गेला असता तर विमान आधीच दक्षिणेकडे वळवलं असतं, ट्रे गोळा करताना खालच्या दाट हवेच्या आडोशाला दगडासारखं आणावं लागलं नसतं.

आता तू सांग. बारा वर्षं विमानात काढलीस आणि आजच तुला प्रोटॉनची आठवण का झाली?

आत्या


२६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मला दिवस गेले होते. त्या फेरीच्या वेळी नववा आठवडा चालू होता. सात फेब्रुवारीला सगळं संपलं.

मी कंपनीला कळवलं नव्हतं. कळवलं की त्याच दिवशी जमिनीवर बसवतात, तळघरात फाइलींच्या खोलीत. पर्सरच्या, म्हणजे केबिनप्रमुखाच्या, बढतीसाठी माझ्या ध्रुवावरच्या दोनच फेऱ्या राहिल्या होत्या. म्हटलं, या दोन करू आणि मग सांगू. घरी फक्त नवऱ्याला माहीत होतं. तो नको म्हणाला होता. अगदी दाराशी उभा राहून म्हणाला होता.

डॉक्टरीण म्हणाली, पहिल्या तीन महिन्यांत असं पुष्कळ जणींचं होतं, कारण शोधत बसू नका. पण घरात कारण सापडलेलंच आहे. तो भांडत नाही. कपबशी ठेवताना एवढंच म्हणाला, "बढती मिळेल आता." त्यानंतर आम्ही हवापाण्यावर बोलतो.

कंपनीकडून दर महिन्याला किरणांचा तक्ता येतो, कुणाला किती लागले त्याचा. त्यात अठ्ठावीस तारखेच्या फेरीपुढे सत्तर मायक्रोसिव्हर्ट लिहिलंय. त्याच्या आदल्या फेरीपुढेही सत्तर. म्हणजे त्यांनी मोजलंच नाही, महिन्याची सरासरी चिकटवून मोकळे झाले. मी विचारायला गेले तर बाई म्हणाली, "तुम्हाला का हवंय? काही विशेष?" मी म्हटलं, काही नाही.

मला खरा आकडा हवाय. आणि इशारा उशिरा गेला असेल तर का गेला, तेही. माझ्यामुळे झालं की दुसऱ्या कुणामुळे, एवढं कळू दे. मग जे असेल ते मी सोसेन.

ढमी


६ मार्च

ढमे,

तुझं पत्र वाचलं. त्यावर मला जे वाटलं ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. तू एकटीने ते सगळं काढलंस आणि मी तुला कारंजी समजावत बसले.

परवा ऑफिसात जाऊन आले. गेटवरचा नवा पहारेकरी म्हणतो, "आजी, कुणाला भेटायचंय?" मी म्हटलं, "तुमच्या साहेबांना सांगा, ज्यांनी त्यांना घड्याळ वाचायला शिकवलं त्या आल्या आहेत." तुला मफलर आठवतो? माझ्या हाताखाली होता, उन्हाळ्यातसुद्धा गळ्याभोवती मफलर गुंडाळून यायचा. तोच आता विभागप्रमुख आहे. मफलर गेला, गळा तेवढा तसाच आखडलेला.

"मॅडम, या, या. बसा. चहा सांगतो."

"चहा नको. अठ्ठावीस जानेवारी. यंत्रांनी कधी दाखवलं आणि इशारा कधी गेला?"

"मॅडम, त्याची अंतर्गत चौकशी चालू आहे."

"मग बाहेरचं सांग. इशारे साऱ्या जगाला पाठवता ना? त्यावर वेळ छापलेली असते."

त्याने कागद काढून दिला. जमिनीवरच्या कण मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे चढायला लागले आणि विमान कंपन्यांना इशारा गेला, यामध्ये बावन्न मिनिटं. ढमे, माझ्या वेळी सात मिनिटांच्या वर गेलं तर मी लेखी खुलासा मागायची. बावन्न मिनिटांत माणूस आंघोळ करून, जेवून, वामकुक्षी काढून येतो.

मी विचारलं, "डेस्कवर कोण होतं?"

"मॅडम, तुम्ही कशाला यात पडता?"

"माझी पुतणी त्या विमानात होती."

त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "त्यांना काही झालं का?" ते सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. मग तो इतका वेळ पेन्सिलीला टोक करत बसला की पेन्सिल संपायची वेळ आली. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही घरी जा. मी तुमच्या पाया पडतो."

हा माणूस कुणाला तरी पाठीशी घालतोय. कुणाचा तरी भाचा किंवा जावई असणार. आकडा मी स्वतः काढते, त्या दिवसाच्या सगळ्या यंत्रांच्या नोंदी मागून घेतल्या आहेत. आणि ज्या माणसाने तुम्हा तीनशे लोकांना बावन्न मिनिटं उघड्या गच्चीवर उभं केलं, त्याचं नाव मी काढणार. पुढच्या पत्रात तुला ते नाव मिळेल. मग वर्तमानपत्र, मंत्रालय, जिथे म्हणशील तिथे जाऊ. तू स्वतःला बोल लावायचा नाहीस, मी सांगते म्हणून.

आत्या


१३ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी त्याला वाचायला दिलं. दोनदा वाचलं त्याने. मग किती दिवसांनी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "बावन्न मिनिटं म्हणजे काय झोपले होते का हे लोक?" आम्ही दोघं मिळून त्या अनोळखी माणसाला मनसोक्त शिव्या दिल्या. सांगायला लाज वाटते, पण सात तारखेनंतर त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एका बाजूला होतो. त्याने माझ्यासाठी अंडं उकडलं.

तो रोज विचारतो, आत्याचं पत्र आलं का? नाव कळलं का?

मलाही हवंय. रात्री अंथरुणावर पडलं की मी त्या माणसाला चेहरा देते. कधी टक्कल देते, कधी पान खाऊन रंगलेलं तोंड. तेवढा वेळ मला माझा चेहरा दिसत नाही.

लवकर लिही.

ढमी


२४ मार्च

प्रिय ढमे,

उत्तराला उशीर झाला. नळ गळत होता, प्लंबर तीनदा येऊन गेला आणि तीनही वेळा पाना विसरला. चष्म्याचा नंबरही बदललाय.

आकडा काढायचं काम चालू आहे. तुमच्या तक्त्यातल्या सत्तरपेक्षा जास्तच येईल, पण काळजीचं कारण नसावं. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांचंही तुझ्या डॉक्टरणीसारखंच म्हणणं पडलं.

नावाचं म्हणशील तर काही नक्की सांगता येत नाही. अशा गोष्टी एका माणसामुळे होत नाहीत, पद्धतच तशी असते. तू आता ते सोड. तब्येतीला जप. लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात एक टोमणा नाही. प्लंबरवरचा आहे, पण तोही जुनाच.

'तू आता ते सोड' असं तू आयुष्यात कुणाला म्हणाली आहेस? बाबांनी सायकल परत केली नाही, ते तू अजून सोडलेलं नाहीस. 'पद्धतच तशी असते' हे आमच्या कंपनीतली ती तक्त्याची बाई म्हणते. तू नाही म्हणत.

तो म्हणाला, "शेवटी आत्यासुद्धा त्या ऑफिसचीच." मी त्याच्याशी कडाकडा भांडले. तुझ्यासाठी भांडले. नंतर मोरीत उभी राहून विचार करत होते, की मी खोटं तर भांडले नाही ना.

तुला नाव कळलंय. ते पाठव. नाहीतर मला माहीत आहे तेच नाव मी धरून बसते, माझं.

ढमी


९ एप्रिल

ढमे,

ठीक आहे.

अकरा मार्चला मी पुन्हा ऑफिसात गेले. या वेळी मफलर उठून उभा राहिला नाही. कपाटातून डेस्कची सूचनावही काढली, पान उघडलं आणि वही माझ्याकडे फिरवून ठेवली. म्हणाला, "मी हे तुम्हाला कधीच दाखवणार नव्हतो, मॅडम."

त्या पानावर लिहिलंय: 'स्फोट सूर्याच्या पूर्व भागात असल्यास एका यंत्राच्या चढावर विसंबू नये. तीन यंत्रांचा मेळ बसेपर्यंत ध्रुवीय मार्गांना इशारा देऊ नये.' खाली सही आणि एकवीस वर्षांपूर्वीची तारीख. अक्षर सिस्टरनी छडी मारून घोटून घेतलेलं. नाव तू मागितलंस. तुझ्या आत्याचं आहे.

स्फोट पूर्व कडेचा होता. तरी कण आले आणि अर्ध्या तासाच्या आत आले. असं क्वचित होतं, पण होतं. एका बाजूचा स्फोट कधीकधी इतका पसरतो की रूळ कुठून कुठे जातात याला काही अर्थ राहत नाही. हे मला एकवीस वर्षांपूर्वीही माहीत होतं. पुस्तकात होतं.

मग मी तो नियम का केला? त्याच्या आदल्या वर्षी पूर्वेला एक स्फोट झाला, एक यंत्र चढलं आणि मी लगेच इशारा दिला. सात विमानं वाटेतून परत फिरली आणि कण काही आले नाहीत. यंत्र बिघडलं होतं. आमचे त्या वेळचे संचालक भर बैठकीत म्हणाले, "बाईमाणसाला डेस्कवर बसवलं की असंच होणार. झुरळ बघून किंचाळायची सवय." सगळे हसले. मीही हसले, ढमे. ते हसू माझ्या तोंडावर अजून कुठेतरी आहे. त्यानंतर मी असा नियम केला की पुन्हा कुणी मला घाबरट म्हणू नये. विमानातल्या माणसांचा त्यात कुठेही विचार नव्हता. आणि तो नियम मी इतक्या दिमाखात शिकवला की पोरांना तो विज्ञानच वाटला. तुलाही मी त्याच दिमाखात लिहून कळवला.

त्या दिवशी डेस्कवर एक मुलगी होती. सव्वीस वर्षांची, नोकरीला तीन महिने झालेले. पहिलं यंत्र चढल्यावर चौथ्या मिनिटाला तिने मफलरला फोन केला, "सर, मी इशारा पाठवते." तो म्हणाला, "पूर्वेचा आहे ना? मॅडमचा नियम वाच." तिने दोनदा फोन केला. दोनदा तो हेच म्हणाला. आता खुलासा तिच्याकडून मागितलाय.

मी मफलरला म्हटलं, "अरे, तुझी अक्कल कुठे गेली होती?"

तो म्हणाला, "मॅडम, नवीन होतो तेव्हा मी एकदा तीन यंत्रांची वाट न बघता इशारा दिला होता. तुम्ही मला सगळ्यांसमोर काय म्हणालात, आठवतं?"

मला आठवत नव्हतं. त्याने सांगितलं. मी त्याला झुरळावरून बोलले होते.

आता तुझा आकडा. तीन वेळा काढला, तिन्ही वेळा सारखाच आला. तक्त्यात सत्तर आहेत त्या ठिकाणी चारशे दहा हवेत. त्यातले दोनशे साठ त्या बावन्न मिनिटांतले. गरोदर बाईसाठी नऊ महिन्यांची मर्यादा एक हजार धरतात. म्हणजे मर्यादेच्या आतच आहे आणि एवढ्याने गर्भ जातो असं कोणतंही पुस्तक म्हणत नाही. पण एखाद्या बाईचं नेमकं कशाने गेलं, हे कोणतंही पुस्तक सांगत नाही. मी तुझी समजूत काढत नाहीये. मला खरंच माहीत नाही, आणि कुणालाच कधी कळणार नाही.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. वही बघून आल्यावर तेरा दिवस रोज खरं पत्र लिहायला बसत होते. चुकलं.

मी ऑफिसला लेखी कळवलं, की नियम माझा होता, त्या मुलीचा दोष नाही, तो नियम आजच्या आज काढून टाका. उत्तर आलं. निवृत्त व्यक्तीचं म्हणणं चौकशीत घेता येत नाही. शिवाय सदर सूचना आता प्रमाणित कार्यपद्धतीचा भाग असून ती कोणा एका व्यक्तीची नाही. म्हणजे माझं नावसुद्धा त्यांनी पुसून टाकलं. मंत्रालयात गेले, तिथे मला बाकावर बसवून ठेवलं आणि साडेपाचला पंखे बंद केले.

तुझ्या नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. तो माझ्याबद्दल बरोबर बोलला.

आत्या


५ मे

आत्या,

पत्र पोचलं. त्याला वाचायला दिलं. त्याने वाचून घडी घातली आणि म्हणाला, "म्हणजे तुमच्याच घरातलं निघालं." पहिल्यांदा मला वाटलं, तो चिडलाय. मग लक्षात आलं, त्याला बरं वाटलंय. सध्या तो त्याच्या आईकडे राहतो. कपडे न्यायला येतो तेव्हा दाराची बेल वाजवतो.

तुझ्यावर रागावायचं मी फार ठरवलं. एका दिवशी जमलंसुद्धा. नियम केलास त्याचा राग येत नाही इतका, मला लोहाच्या गोळ्यांवर बोळवलंस त्याचा येतो. मी जगात एकाच माणसाला विचारलं होतं.

दुसऱ्या कुणाचं नाव मिळालं की माझं खाली उतरेल, असं मला वाटत होतं. आता दोन्ही आहेत.

मी कंपनीला सगळं लेखी कळवलं. नऊ आठवडे, चारशे दहा, सगळं. त्यांनी तक्ता दुरुस्त केला नाही. गरोदरपण लपवलं म्हणून बढतीच्या यादीतून माझं नाव काढलं. ध्रुवावरची फेरी मात्र चालू ठेवली आहे, कारण त्या फेरीला माणसं मिळत नाहीत. परवा पुन्हा जाऊन आले. ट्रे गोळा करताना मी घड्याळ बघत होते.

इतक्यात मला पत्र लिहू नकोस. मला जमेल तेव्हा मी लिहीन. फक्त त्या डेस्कवरच्या मुलीचा पत्ता पाठव. तिने दोनदा फोन केला होता. आम्ही वर आहोत हे त्या दिवशी खाली एका माणसाच्या तरी लक्षात होतं. मला तिला तेवढं कळवायचंय.

ढमी


१२ मे

ढमे,

पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. ऑफिसचा नाही, तिच्या घरचा आहे. गेल्या सोमवारी तिला नोकरीवरून काढलं.

आत्या